राहिलेल्या चार ट्रान्सपरन्सी

आईचे वडील वारल्याचा निरोप मी एक संध्याकाळ, एक रात्र आणि एक अख्खी सकाळ शर्टाच्या खिशात ठेवला, कारण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझा सेमिनार होता. याहून सोप्या शब्दांत मला ते सांगता येत नाही, आणि अवघड शब्दांत सांगायचे सगळे प्रयत्न इतक्या वर्षांत करून झाले आहेत.

मूर्खपणा मला नवा नव्हता. त्याच वर्षी प्रयोगशाळेत मी लेझरचा किरण आरशावरून शिपायाच्या डब्याच्या झाकणावर आणि तिथून थेट परीक्षकांच्या टकलावर पाडला होता आणि वर त्यांनाच म्हणालो होतो, "सर, जरा हलू नका." असले किस्से मी लग्नाकार्यात पदरचं तिखटमीठ घालून सांगतो. लोक हसतात, पंगत उठेपर्यंत वेळ जातो. हा मात्र कधी सांगितला नाही. पदरचं काही घालायला त्यात जागाच सापडत नाही. जे झालं ते इतकं सपक होतं.

आम्ही खडकीला राहायचो, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे बाबांनी लावलेला शेवगा. बाबा टर्नर होते. मूळचे आम्ही वऱ्हाडातले; मूर्तिजापूरला उतरून एसटीने तासभर आत गेलं की आईचं माहेर. घर भोंग्यावर चालायचं. सकाळचा भोंगा झाला की बाबांची सायकल बाहेर पडे, दुपारचा झाला की आईची भाकर तव्यावर पडे. अधूनमधून लांबून चाचणीचा बार ऐकू यायचा आणि मांडणीतली फुलपात्रं किणकिणायची. आई हात न थांबवता म्हणायची, "फुटला वाटते," आणि पुढची भाकर थापायला घ्यायची. दाराबाहेर ती पुण्याची होती, दाराच्या आत वऱ्हाडची. शेजारच्या काकूंना "अहो, आपण बसा ना, चहा ठेवते" म्हणायची आणि दार लावलं की, "काय बाप्पा इथचे लोकं, पाणीबी मोजून पेतात." चहा मात्र त्या काकू आमच्याकडे रोज प्यायच्या आणि मोजून प्यायच्या नाहीत.

तो काळ असा होता, की गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. क्वार्टर्समधली पोरं सकाळी क्लासला जात, दुपारी पासपोर्टचे फॉर्म भरत. मी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करत होतो. बाबा जेवताना विचारत, "यात पुढे काय?" मी म्हणे, "संशोधन." ते म्हणत, "कशाचं?" इथे माझी जेवणाची गती वाढायची.

कशाचं, ते इथे सांगून टाकतो. नावं घेत नाही, नावांनी वाचक घाबरतो. अणूहून लहान अशा कणांचं जे शास्त्र आहे, त्यात एक विचित्र गोष्ट सुरुवातीपासून दडून बसली होती. एकच कण फटीतून सोडला, तर शास्त्राच्या हिशेबाने तो लाटेसारखा सगळ्या पडद्यावर पसरतो. पण ठिपका उमटतो एकाच जागी. मग ज्या क्षणी इथे ठिपका उमटला, त्या क्षणी पडद्याच्या पार त्या टोकाला कसं कळलं, की आता आपल्याकडे काही उमटायचं नाही? मध्ये कोण धावत गेलं? हा प्रश्न त्या काळच्या सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञाने एका परिषदेत उठून विचारला. पुढे जगभर प्रसिद्ध झालेले त्याचे केस तेव्हा अजून पुरते पांढरे व्हायचे होते. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. काही वर्षांनी त्याने दोघांना जोडीला घेऊन तोच प्रश्न दोन कणांचा करून मांडला. एकत्र जन्मलेले दोन कण लांब लांब नेले. इथल्याला मोजलं, की तिथल्याचं उत्तर तत्क्षणी ठरतं. हे त्याला भुताटकीसारखं वाटत होतं. त्याचं म्हणणं, उत्तरं निघतानाच ठरलेली असणार, तुमच्या शास्त्राला ती दिसत नाहीत एवढंच. इथलं तिथे, मधलं अंतर न ओलांडता: याला अस्थानिकता म्हणतात, आणि ती मुळात कुठून आली याचा इतिहास हा माझ्या सेमिनारचा विषय होता.

आईला मी हे चपलांवरून समजावलं होतं. म्हटलं, "समज, तुझ्या चपलांचा जोड आहे. न बघता एक डब्यात घातली आणि आजोबांकडे पाठवली. इथे तू डबा उघडलास, डावी निघाली. म्हणजे तिकडे उजवी आहे हे त्याच क्षणी कळलं की नाही?"

आई मुंगवड्या घालत होती. आजोबांना दात नव्हते, म्हणून त्यांच्या वाटणीच्या बोटाच्या पेराएवढ्या लहान घालायची, लवकर शिजाव्यात म्हणून. ती म्हणाली, "एकच चप्पल कायले धाडतं रे? म्हातारा काय करन तिचं?"

मला हे उदाहरण इतकं आवडलं, की सेमिनारची सुरुवात त्यानेच करायचं ठरवलं.

सेमिनार साधा नव्हता. आमच्या लिमये मॅडमकडे संशोधनाची एकच जागा होती आणि उमेदवार आम्ही दोघं. मॅडम सदाशिव पेठेतल्या, सुती नऊवारी नेसून स्कूटर चालवायच्या आणि विद्यार्थ्यांना अहोजाहो करायच्या. त्यांनी अहो म्हटलं, की पुढचं वाक्य लागणार हे आम्हाला ठाऊक असे. एकदा मी पेपरात गणित अर्धवट सोडून "वगैरे" लिहिलं होतं. पेपर परत देताना त्या म्हणाल्या, "अहो दिगंबर, गुणही वगैरे दिलेत." दुसरा उमेदवार गुरुवारी साडेनऊला बोलणार होता, मी अकराला. मॅडम शनिवारी परदेशी जाणार होत्या. म्हणजे जे काही व्हायचं ते गुरुवारीच.

बुधवारी संध्याकाळी बाजारातून येताना जाधव हवालदारांनी हाक मारली. सैन्यातून पायाला दुखापत होऊन ते घरी आले होते आणि त्यांना पीसीओ मिळाला होता. आमच्या सगळ्या लायनीचे निरोप त्यांच्याकडे यायचे. ते निरोप वहीत लिहीत, वेळ टाकत, चिठ्ठी फाडून देत आणि घेणाऱ्याची सही घेत. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "आजोबा आज सकाळी गेले. बर्फ सांगितला आहे. शुक्रवारी सकाळपर्यंत ठेवतो. बाईले घेऊन निंघा. मामा."

"वाईट झालं," हवालदार म्हणाले. "उलट फोन लावू का?"

मी म्हणालो, "घरी सांगतो आधी." आणि सही केली.

मग मी शेवग्याखाली सायकल धरून उभा राहिलो आणि गणित केलं. गणित मला येत होतं, हीच गोम होती. आई एकटी कधी प्रवासाला जात नसे. बाबांना रजा दोन दिवस आधी कळवावी लागे. म्हणजे न्यायचं मीच. आज रात्रीची गाडी धरली, तर सेमिनार गेला. उद्या सेमिनार करून संध्याकाळची गाडी धरली, तर शुक्रवारी पहाटे मूर्तिजापूर, सात-साडेसातपर्यंत गावात. मामा शुक्रवार सकाळपर्यंत ठेवणार होते. आईला तोंड बघायला मिळतं, मला जागा मिळते. मी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा उत्तर बरोबर आलं. मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं, हे कळत होतं आणि मी थोडा वेळ वाटही पाहिली, पण आत काही हललं नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गालाला चिमटा काढून बघतात, तसं.

त्या संध्याकाळी आईने कढीगोळे केले होते. गोळे कढीतून बाहेर काढून कुस्करायचे, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. मी चार खाल्ले. आई म्हणाली, "अजून एक घे, उद्या तुहं भाषण हाय." मी पाचवा घेतला. आज कोणी मला विचारलं, की सगळ्यात वाईट काय केलंस, तर मी चिठ्ठीचं सांगणार नाही. त्या पाचव्या गोळ्याचं सांगेन. चवीला फार चांगला झाला होता, तेही सांगेन.

गुरुवारी अकरा वाजता मी ट्रान्सपरन्सी घेऊन उभा राहिलो. आताच्या मुलांना सांगायला हवं: ट्रान्सपरन्सी म्हणजे पारदर्शक कागद, त्यावर स्केचपेनने लिहायचं आणि यंत्रावर ठेवून भिंतीवर पाडायचं. माझ्या दहा होत्या. शर्ट कालचाच होता, कारण चांगला तो एकच होता आणि खिशातली चिठ्ठी काढून दुसरीकडे ठेवायची माझी हिंमत झाली नव्हती. सहा ट्रान्सपरन्सी छान गेल्या. चपलांना लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"अहो दिगंबर, चपला घरातून निघतानाच डावी-उजवी असतात ना?"

"हो मॅडम."

"म्हणजे उत्तर निघतानाच ठरलेलं. डबा उघडल्यावर फक्त कळलं. यात भुताटकी कुठे आहे? हे तर तुमच्या त्या मोठ्या शास्त्रज्ञाचंच म्हणणं झालं, आणि ते प्रयोगात टिकलं नाही. चपलांनी भागत असतं, तर तुमच्या पुढच्या चार ट्रान्सपरन्सी कशासाठी आहेत?"

त्या चार ट्रान्सपरन्सीत काय होतं, ते सांगतो. कारण त्या कोणी पाहिल्याच नाहीत. दोन जुळे भाऊ दोन वेगळ्या खोल्यांत बसवा. प्रश्न तीनच, उत्तर हो किंवा नाही. दोघांना एकच प्रश्न आला, की उत्तर दर वेळी सारखंच येतं. मग वाटणार, की यांनी तीनही उत्तरं आधी ठरवून आणली आहेत. ठीक. पण हो-नाही अशी तीन उत्तरं ठरवली, तर त्यातली निदान दोन सारखी असणारच. म्हणून दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले, तरी सरासरी तीनात एकदा तरी उत्तरं जुळायलाच हवीत. कितीही लबाडी करा, त्याखाली जाता येत नाही. आणि कण? कणांची चारात एकदाच जुळतात. म्हणजे त्यांनी काही ठरवून आणलेलं नसतं. मोठ्या शास्त्रज्ञाच्या त्या दोन कणांच्या प्रश्नानंतर तीसेक वर्षांनी एका लाल दाढीच्या माणसाने हे साधं गणित पाहिलं, आणि पुढे प्रयोगशाळांनी ते तपासलं. हे सगळं मला पाठ होतं. मी फक्त पुढची ट्रान्सपरन्सी ठेवायची होती.

त्याऐवजी मी चपलांहून चांगलं उदाहरण द्यायला गेलो. मी म्हणालो, "मॅडम, समजा एखाद्या बाईचे वडील तिकडे वऱ्हाडात गेले. ती इथे पुण्यात आहे. ज्या क्षणी ते गेले, त्याच क्षणी ती पोरकी झाली. तिला सुतक लागलं. मध्ये काही धावत आलं नाही. तिला माहीतसुद्धा नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "सुतक ऐकल्यावर लागतं. न ऐकलेलं सुतक लागत नाही. तोवर ती पूजा करू शकते, लग्नात जेवू शकते, तिला दोष नाही. ऐकल्यावर मात्र उरलेलेच दिवस धरायचे. आपले शास्त्रकार या बाबतीत पक्के स्थानिकतावादी होते." मागे कोणीतरी हसलं. "पण उदाहरण तुम्हाला नेमकं कुठून सुचलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. माझा हात आपोआप खिशाकडे गेला आणि मी चिठ्ठी काढून यंत्राच्या काचेवर ठेवली. का, ते मला आजही सांगता येत नाही. साधा कागद असल्यामुळे भिंतीवर नुसता काळा चौकोन पडला. मॅडम उठल्या, त्यांनी ती उचलून वाचली. वरची वेळसुद्धा वाचली.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"आजोबांच्या घरी काही कळवलंत? निघतोय वगैरे?"

"नाही. पण गणित जमतंय मॅडम, शुक्रवार सकाळपर्यंत..."

"जा तुम्ही."

आणि मी म्हणालो, "मॅडम, चार ट्रान्सपरन्सी राहिल्यात."

मॅडम अगदी हळू आवाजात बोलल्या. "अहो दिगंबर, त्या दोन कणांमधून निरोप पाठवता येत नाही. एवढं सगळं जुळूनही येत नाही. निरोपाला वाहन लागतं. तुमच्याकडे सायकल आहे ना?"

घरी पोचलो तेव्हा दुपारचा भोंगा व्हायचा होता. आई मुंगवड्यांचं पातेलं घासत होती. मी दारातूनच सांगितलं. तिने हात धुतले, पुसले, स्टोव्ह बंद केला. मग विचारलं, "कधी?"

"काल सकाळी."

"निरोप?"

"काल संध्याकाळी."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कशानेच नाही. चालत्या गाडीतून ओळखीचं नसलेलं स्टेशन बघावं तसं. मग म्हणाली, "तुह्या बाबांची भाकर झाकून ठेव," आणि पिशवी भरायला लागली. हवालदारांनी पाच वेळा फोन लावला, गावची लाइन लागली नाही. संध्याकाळच्या गाडीत आई खिडकीशी बसली. मी तिला पाणी विचारलं, तिने घेतलं. चहा विचारला, तोही घेतला. जे दिलं ते घेतलं.

गावात शिरलो तेव्हा अंगण झाडून झालं होतं. आतल्या खोलीत, जिथे आजोबांना ठेवलं होतं, तिथे गेलेल्याची पावलं उमटतात का बघायला पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती आणि शेजारी दिवा होता. मामा बाहेर आले. त्यांचा आवाज बसला होता.

"फोनची वाट पायली बाई. काल दुपारलोक पायली. बर्फ राह्यला नाही, गरमी कशी हाय तू पाह्यतच हायस. लोकं म्हणे, पुण्याहून उलटा फोन नाही, म्हणजे कोणी निंघालंच नसन. मंग नेलं."

मी गाड्यांची वेळ धरली होती, एसटी धरली होती, बर्फ धरला होता. आपण गप्प बसलो तर तिकडे त्याचाही काही अर्थ लावला जाईल, हे गणितात धरलंच नव्हतं. मी तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, "निरोप उशिरा भेटला, दादा."

एवढंच. माझ्याकडे न बघता. आमच्यात बापाच्या तोंडात शेवटचं पाणी लेकीने घालायचं असतं. ते मामीने घातलं होतं. आई टोपलीपाशी जाऊन बसली आणि बसूनच राहिली. बायका तिला कवटाळून रडल्या, ती कोणाच्या गळ्यात पडली नाही. दुपारी तिची एक म्हातारी काकू बोटं मोजत म्हणाली, "लेकीले तीन दिवस. बुधवार गेला, काल गेला. म्हणजे बाई, तुहा आजचाच दिस उरला." मॅडमचं बरोबर होतं. आणि मला, सांगायची लाज वाटते, क्षणभर बरं वाटलं, की मॅडमचं बरोबर होतं. तेवढ्यापुरतं डोकं चाललं, मग पुन्हा थांबलं. शनिवारी आईने डोक्यावरून पाणी घेतलं आणि मामीच्या हाताखाली स्वयंपाकाला लागली. तीन दिवसांतून तिच्या वाट्याला एक धड दिवस आला होता.

मॅडमनी निरोप ठेवला होता, की परत आल्यावर उरलेला सेमिनार ऐकेन, जागा तोवर कोणाला देत नाही. हे त्यांच्यासारखीने म्हणणं म्हणजे फार होतं. मी गेलो नाही. त्या चार ट्रान्सपरन्सी हातात घेतल्या, की अक्षरं वाचता यायची पण पुढे सरकायची नाहीत. चार-पाच महिने मी शेवग्याखाली बसून काढले. जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. तो चांगला होता. मग क्वार्टर्समधल्या एकाने मला कॉम्प्युटरच्या क्लासला ओढून नेलं आणि वर्षभरात एका कंपनीत चिकटवलं. या सगळ्या काळात आई माझ्याशी बोलायची. जेवलास का, दार लाव, भाजी आण. त्या निरोपाबद्दल तिने घरात कोणाला सांगितलं नाही, बाबांनासुद्धा नाही. मी दोनदा विषय काढायला गेलो, दोन्ही वेळा ती उठून मोरीत गेली.

नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी बाबांनी पेढे आणले. आई मेथी निवडत होती. बाबांनी नेहमीचं विचारलं, "पण तिथे करायचं काय?" या वेळी मला उत्तर येत होतं आणि मी उत्साहात येऊन सांगितलं, की एका ठिकाणच्या कॉम्प्युटरने दुसऱ्या ठिकाणच्याला पाठवलेला निरोप नीट पोचवायचा, वाटेत हरवू द्यायचा नाही, आणि समोरच्याने मिळाला म्हणून कळवेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं, असा प्रोग्रॅम आमची कंपनी लिहिते.

आईचा हात थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"निरोप पोचवाचं काम? तुले?" ती म्हणाली. "त्याईनं कुठी चौकशी नाई केली का?"